आशाबाईचं खारं पाणी

भिवाजी आबा ते वाक्य हाटेलात बसून बोलले, आणि हाटेलात बोललेलं वाक्य गोरेगावात चहाच्या आधी घरोघरी पोचतं.

“मेलेलं पाणी हाय ते,” आबा म्हणाले. “ज्यात मासा जगत न्हाई, ते माणसानं काहून प्यावं?”

पाणी होतं आशाबाईचं. सेनगाव रस्त्याला लागून तिचं घर, आणि घराच्या पुढच्या शेडात थंड जारचा प्लांट. नवरा सोनाजी शेत बघायचा आणि सकाळी छोट्या टेम्पोतून जार पोचवायचा. बाकी सगळं, म्हणजे बोअरचं जड पाणी मशीनमधून काढून पिण्याजोगं करण्यापासून जार घासण्यापर्यंत, आशाबाईकडं. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. पण मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकच्या मागं मागं फिरून, त्याला चहावर चहा पाजून, तिनं एकेका नळीचं कूळगोत्र विचारून घेतलं होतं. मेकॅनिक जाताना सोनाजीला म्हणाला होता, “काकूला विकत घ्यायचं हाय का शिकायचं हाय, तेच कळंना.”

चूक तशी तिचीच. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तिनं हिंगोलीहून काचेचं गोल भांडं आणि दोन सोनेरी मासे आणले, भांडं आपल्याच पाण्यानं भरलं आणि काउंटरवर मांडलं. आपलं पाणी कसं आहे, ते माशांनीच लोकांना सांगावं, असा तिचा बेत. माशांनी सांगितलं. आठवड्याच्या आत दोघंही उताणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि ते अवलक्षण समोरच्या हाटेलातून उठून येऊन, भांड्याला डोळे लावून, सगळ्यांत आधी पाहिलं भिवाजी आबांनी. आबा म्हणजे सोनाजीचे चुलते. ऐंशीच्या पुढं गेलेले, डोळ्यांना अंधुक पण जिभेला चष्मा न लागणारे.

जार कोणी बंद केले नाहीत. आबांच्या घरीही जार जायचा, फक्त आबा तेवढे हंड्यातलं बोअरचं पाणी प्यायचे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, बंद करून जातात कुठं? पण लोक जार उचलताना हसायला लागले. “काकू, आज पाणी जिवंत हाय नं?” शाळेतले शिपाईमामा तर जारला कान लावून बघायचे.

आशाबाईला कोणी जाडी म्हटलं, काळी म्हटलं, तर ती त्यांच्या आधी हसायची. पाण्याला नाव ठेवलेलं मात्र तिला स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं लागायचं. तिनं ते गोल भांडं धुऊन माळ्यावर टाकलं आणि मोबाइल हातात घेतला.

लिहिण्यापेक्षा मोबाइलशी बोलणं तिला सोपं जायचं. “फिल्टरच्या पाण्यात मासा काहून मरतो?” तिनं विचारलं. मोबाइलनं आधी एक भक्तिगीत लावलं. मग पाककृती दाखवली. आशाबाई चिवट. नांदेडला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, आरोहीला, तिनं फोन करून शब्द बदलून घेतले, आणि हळूहळू माहिती यायला लागली. पाण्यातून क्षार काढले की वाईट निघून जातं, तसं माशाला लागणारं चांगलंही निघून जातं. माणसाला ते भाकरीभाजीतून मिळतं. मासा बिचारा भाकरी कुठून खाणार?

म्हणजे पाणी मेलेलं नव्हतं. कोरं होतं. कोऱ्या पाटीला मुकी म्हणणाऱ्यातला प्रकार.

पण हे आबांना सांगून काय होणार? आबांना सांगितलेलं पटत नसे, बघितलेलं पटे. आशाबाई आणखी बघत राहिली, आणि अशीच एका दुपारी जार धुता धुता तिला केरळातल्या एका माणसाचा व्हिडिओ लागला. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण हात कळत होते. तो एका टाकीत मशीनचं पाणी घेत होता, अगदी कोरं, आणि त्यात पोत्यातलं खास मीठ मिसळून समुद्र तयार करत होता. त्या समुद्रात नारिंगी मासे, खडकाला चिकटलेली फुलं, शंखातून डोकावणारे खेकडे. आशाबाईनं व्हिडिओ मागं नेला. पुन्हा बघितला. समुद्र करायचा तर नदीचं पाणी चालत नव्हतं, विहिरीचं चालत नव्हतं, बोअरचं तर नाहीच. पाहिजे होतं ते नेमकं तिच्या शेडात, नळ सोडला की येणारं.

रात्री जेवताना तिनं सोनाजीला सांगितलं, “मी समुद्र करनार हाय.”

सोनाजीनं घास खाली ठेवला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. “केवढा?”

“माजघरातल्या कोनाड्याएवढा.”

“मंग ठीक हाय,” तो म्हणाला. “मला वाटलं, शेत मागती का काय.”

आणि तिथून पुढं आशाबाईचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे अभ्यासच. आरोहीनं कॉलेजच्या परीक्षेलाही एवढं वाचलं नसेल. काही व्हिडिओ हिंदीत असायचे, काही इंग्रजीत. इंग्रजीतले आरोही फोनवर उलगडून सांगायची आणि मध्येच वैतागायची, “आई, माझं उद्या प्रॅक्टिकल हाय, अन् मी तुला माशाची शी कुठं जाती ते सांगून राहिले.”

“मंग तेच तर महत्त्वाचं हाय,” आशाबाई म्हणायची. “शी कुठं जाती ते कळलं म्हंजी संसार कळला.”

कळलं ते असं: माशाची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे बारीक जीव आधी पाण्यात वसवावे लागतात, डोळ्यांना न दिसणारे. ते वसले की मग मासा. म्हणजे पाहुणे बोलवायच्या आधी घरात भांडी घासणारं माणूस पाहिजे. हे आशाबाईला इतकं पटलं की तिनं ते शेजारच्या भिकाबाईला, बचतगटाच्या बायकांना आणि सेनगावच्या जीपमध्ये बसलेल्या एका अनोळखी शिक्षकालाही सांगितलं.

सामान मिळालं हैदराबादच्या एका दुकानातून. दुकानदाराचा नंबर आरोहीनं शोधून दिला. पहिल्याच फोनवर आशाबाईनं नारिंगी माशाच्या जोडीची किंमत विचारली, तर पलीकडून आवाज आला, “अम्मा, मच्छी का नाम नक्को लेव अभी. पैले पानी.”

“पानी तो हैच. अपनाच प्लांट है.”

“आरओ का?”

“हौ.”

पलीकडचा माणूस म्हणाला, “अम्मा, तुम तो रईस हो. लोगां पानी को रोते.”

हे वाक्य आशाबाईनं जपून ठेवलं. त्या आठवड्यात जो भेटला त्याला ऐकवलं, आबा सोडून. आबांसाठी वेगळं काही ठेवलं होतं.

दुकानदार रोज एकच सांगायचा: घाई नक्को. आणि दुसरं सांगायचा: तांबा नक्को. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं आणि गोगलगायी, खेकडे, असले सगळे बारीक जीव त्यानं मरतात. दगड आणि वाळू ते तांबं पिऊन ठेवतात आणि मग महिनोन्‌महिने परत सोडत राहतात. आशाबाईनं माजघरातला तांब्याचा हंडा उचलून थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, की येता-जाता कोणी त्यातलं पाणी टाकीत ओतायला नको.

सोनाजीचीही मदत झाली, जरी सुरुवात उलट्या दिशेनं झाली. उन्हाळ्यात गोरेगाव असं तापतं की पत्र्यावर पापड वाळत नाहीत, भाजतात. समुद्राचं पाणी एवढं तापलं तर सगळं शिजायचं. थंड ठेवायचं यंत्र महागाचं. सोनाजी दोन दिवस गप्प होता आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “आपल्या जारचं पाणी थंड करतोच की आपन. त्याच हौदातून एक नळी फिरवली, अन् तिच्यातून तुझं खारं पाणी नेलं अन् आनलं, तर?”

आशाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. लग्नात हार घालताना बघितलं नव्हतं, एवढं नीट बघितलं. हे तर केरळच्या माणसालाही सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोनाजी मोठ्या ऐटीत नळीचं वेटोळं घेऊन आला. चकचकीत, लालसर. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी.

“ही परत द्या,” आशाबाई म्हणाली.

“आगं, तांबं लवकर थंड करतं.”

“लवकर मारतं बी.”

तो कुरकुरत गेला आणि प्लॅस्टिकची नळी घेऊन आला. नळी बसली. चालली. सोनाजीनं ती दाखवायला दोन मित्रांना घरी आणलं, आणि मित्रांनी नळीपेक्षा रिकाम्या टाकीकडंच जास्त बघितलं म्हणून रुसून बसला.

पाणी किती खारं झालं ते मोजायला काचेची एक कांडी आली होती, पाण्यात तरंगणारी. ती बघून आशाबाई हसली. दूध डेअरीवर लॅक्टोमीटर असतो, त्याचीच धाकटी बहीण. तिचं माहेर कळमनुरीकडचं, म्हशींचं. कांडी कुठवर बुडली म्हणजे काय, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. लाइट गेली तर पंप चालवायला इन्व्हर्टर होताच. आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तिनं शेडात एक कोरा निळा ड्रम भरून खारं पाणी कायम तयार ठेवलं, वर झाकण, आत हवेचा पंप. टाकीतलं थोडं पाणी अधूनमधून बदलायचं तर तयार पाणी हाताशी पाहिजे.

माघात टाकी भरली. काच, पांढरी वाळू, दुकानातून आलेले सच्छिद्र दगड, आणि दोन बाजूंनी पाणी ढकलणारे पंप. पंप लावला तेव्हा माजघरात लाटा उठल्या. लहान, पण लाटाच. आशाबाई बराच वेळ पाटावर बसून राहिली. त्या पाण्यात काहीही नव्हतं. तरी ती बसली.

मग तिनं त्यात एक झिंगा टाकला. जिवंत नव्हे, आरोहीनं नांदेडहून बर्फात आणलेला, सडायला. त्याच्या घाणीवर ते बारीक जीव पोसायचे होते. पण हे गावाला कसं कळणार? दोन-चार दिवसांत वास सुटला आणि हाटेलात बातमी पोचली, की आशाबाईचा समुद्र मासे यायच्या आधीच कुजला.

“मी म्हनलोच हुतो,” आबा म्हणाले.

आशाबाईनं मान खाली घातली नाही. ती रोज काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची आणि उजेडात धरायची. हिरवं आलं म्हणजे विष आहे. हळदीसारखं पिवळं आलं म्हणजे गेलं. सुरुवातीला पाणी पोपटी, मग गर्द हिरवं. तेव्हा बाहेर गावभर हळद शिजवायचे दिवस होते. अंगणाअंगणात कढया, हवेत तो उग्र गोड वास, बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे. आशाबाई स्वतः हळदीच्या कामावरून आली की टाकीजवळ फिरकायची नाही. हात घासून घासून कातडं निघायचं बाकी राहायचं. सगळ्या गावात पिवळं, आणि तिला हवं होतं तेवढं पिवळं त्या चिमूटभर नळीत येत नव्हतं.

एक दिवस आलं. तिनं नळी खिडकीशी नेली, अंगणात नेली, मग भिकाबाईच्या घरी नेली.

“हे काय हाय?” भिकाबाईनं विचारलं.

“पिवळं हाय नं?”

“व्हय. पिवळंच.”

“मंग झालं,” आशाबाई म्हणाली आणि भिकाबाईच्याच पायरीवर बसली.

दुकानदार म्हणाला, आता पहिले पाहुणे. मासे नाही, आधी गोगलगायी आणि शंखातले खेकडे. तेही नाजूक, पण ते जगले की पाणी खरं. हैदराबादहून खोका बसनं हिंगोलीला येणार होता, शुक्रवारी. आशाबाई गुरुवारी स्वतः हाटेलात गेली. बाईमाणूस तिथं जात नसे, ती पायरीवरच उभी राहिली.

“आबा, उद्या दुपारी घरी या. सगळेच या. पाण्यात जीव सोडनार हाय.”

“जगतीन?” आबांनी विचारलं.

“बघायला तर या.”

शुक्रवारी सकाळी सोनाजी टेम्पो घेऊन हिंगोलीला गेला. आशाबाईनं माजघर सारवल्यासारखं पुसलं, बाहेरच्या काचेवरचा हाताचा ठसा पुसला, आणि पुसता पुसता थांबली. काचेच्या कोपऱ्याशी, पांढऱ्या वाळूत, हिरवट काहीतरी होतं. शेवाळ असेल म्हणून तिनं चष्मा लावला. शेवाळ नव्हतं. एक गोल कड होती, आणि तिच्याभोवतीची वाळू हिरवी पडली होती.

तिनं प्लॅस्टिकच्या लांब चमच्यानं ते वर काढलं. निजामाच्या राज्यातला तांब्याचा पैसा. झिजलेला, वर उर्दू अक्षरं, आणि कडेनं हिरवा फुलोरा धरलेला. असे पैसे गावात आता एकाच माणसाजवळ होते. पानाच्या चंचीत, सुपारी आणि अडकित्त्याच्या शेजारी.

आशाबाई पदर खोचून निघाली. हाटेलात तेव्हा भरती होती. आबा बाकड्यावर मधोमध. तिनं तळहात त्यांच्यासमोर उघडा केला.

“आबा, हे तुमचं का?”

आबांनी पैसा डोळ्यांजवळ नेला, बोटानं चाचपला. “माझंच हाय. काहून काढलं?”

“कधी टाकलं?”

“परवा. आलतो मी. तू शेडात जार धुऊन राहिली हुतीस, म्हनून हाक न्हाई मारली. म्हनलं, बघावं तरी.” “पानी हालत हुतं. आपूआप. वर लाटा, अन् खारा वास. डोळ्यानं नीट दिसत न्हाई मला, पर वास आला. मी कयाधूला टाकतो, गोदावरीला टाकतो. न टाकता उठावं कसं?”

संतराम, हाटेलवाला, किटली हातात धरून म्हणाला, “आबा, तुमी तर मेलेलं पानी म्हनत हुता.”

“मेलेल्या पान्यात पैसा टाकाया मी येडा हाव का?” आबा त्याच्यावरच खेकसले.

आशाबाई चांगलं मोठ्यानं बोलायच्या तयारीनं आली होती. शब्द रस्त्यातच जुळवून ठेवले होते. ते सगळे कुठं गेले कोणास ठाऊक. ज्या वाक्यासाठी तिनं झिंगा सडवला, हात सोलले, परक्या भाषेतली बोटं बघत दिवस काढले, ते वाक्य भर हाटेलात, तिनं न मागता, तिच्या पदरात येऊन पडलं होतं. आणि त्याच्यासोबत, त्याच हातानं, पाणी नासलंही होतं.

ती बाकड्याच्या टोकाला टेकली. हाटेलात बसायची तिची ही पहिलीच वेळ, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“आबा,” ती म्हणाली, “ह्या पैशानं पानी खराब झालं.”

“तांब्यानं?” आबा हसले. “सूनबाई, तांब्यानं पानी सुद्ध होतं. आपल्या बापजाद्यानं हंडे काहून वापरले?”

“सुद्ध कशानं होतं, आबा? तांबं पान्यातले बारीक जीव मारतं म्हनून. अन् मी त्यात बारीक जीवच आनून राहिले.”

आबांनी पैसा चंचीत टाकला. मग त्यांनी विचारलं, “समदं पानी?”

“समदं. अन् दगड, अन् वाळू.”

कोणी हसलं नाही. आबांनी चंचीची दोरी ओढली आणि ती हातात नुसती फिरवत बसले.

ती घरी पोचली तोवर टेम्पो दारात लागलेला. सोनाजी थर्माकोलचा खोका लेकरासारखा दोन्ही हातांवर घेऊन उतरत होता. सगळं ऐकून तो खोक्याकडं बघायला लागला, मग टाकीकडं. टाकीतलं पाणी नितळ दिसत होतं. तेच तर वाईट होतं.

“पैसा निघाला नं पन?” तो म्हणाला. “दोन दिसांत कितीक तांबं गेलं असंल? लोक येऊन राहिलेत. सोडू. जगले तर जगले.”

“अन् न्हाई जगले तर?”

“तर आबाचा पैसा हाय की. समद्यायनं ऐकलं. तुझ्यावर बोल न्हाई येत.”

खरं होतं ते. कारण तयार होतं, साक्षीदार हाटेलभर होते. आशाबाईनं खोक्यावर हात ठेवला. आत पिशव्यांमध्ये पाणी हलल्यासारखं वाटलं. हे जीव हैदराबादहून कोणाच्या भरवशावर आले होते? आबांच्या नाही.

“बोल माझ्यावर न्हाई येनार,” ती म्हणाली, “पर मरतीन तर तेच. ड्रम आना.”

“कोनता ड्रम?”

“निळा. शेडातला.”

ड्रम जागेवरून हलणारा नव्हता, म्हणून खोकाच शेडात गेला. आशाबाईनं हात कोरे धुतले, पिशव्या ड्रमच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग एकेका पिशवीत बारीक नळीनं ड्रमचं पाणी थेंब थेंब सोडत बसली. घाई नक्को. नव्या पाण्याची सवय हळूहळूच लागते, हे तिला व्हिडिओनं नव्हे, सासरनं शिकवलं होतं.

दुपारी माणसं आली. बचतगटाच्या बायका, शाळेचे शिपाईमामा, संतराम हाटेल बंद करून. माजघरात गेली, तर टाकीत कोणी नव्हतं, पंपही बंद. कुजबुज सुरू झाली. आशाबाई शेडातून पदराला हात पुसत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “टाकीतलं पानी बिघडलं. आजच कळलं. ते समदं फेकून पहिल्यापासनं करनार हाय. पाहुने शेडात हाईत. एक एक जन या, अन् ड्रममधी हात कोनी घालू नका, हळदीचे हाईत समद्यायचे.”

कशानं बिघडलं ते तिनं सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं तेही बोलले नाहीत.

मग सेनगाव रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडात, जारच्या रांगेमधून, गोरेगावची माणसं निळ्या ड्रमवर एकेक करून वाकली. आधी काही दिसेना. “दगडच दिसतेत,” शिपाईमामा म्हणाले. तेवढ्यात त्यातल्या एका दगडाला दोन मिशा फुटल्या. काळ्या शंखातून मऊ पाय बाहेर आला आणि ड्रमच्या भिंतीला लागून, अगदी सावकाश, वर चढायला लागला. तळाशी एक खेकडा शंख पाठीवर घेऊन घर बदलणाऱ्या माणसासारखा लगबगीनं निघाला होता. भिकाबाईनं तोंडावर पदर धरला. शिपाईमामा जागचे हलेनात, मागच्यांनी त्यांना ओढून काढलं.

आबा सगळ्यांच्या शेवटी आले. सोनाजीनं त्यांना दंडाला धरलं होतं. ड्रमजवळ येताच आबांनी कमरेची चंची काढून, कोणी न सांगता, जारच्या फळीवर ठेवली. मग वाकले. वाकूनच राहिले.

“चाललं व्हय ते?” त्यांनी विचारलं.

“चाललं, आबा.”

“तुझ्याच पान्यात?”

“माझ्याच.”

आबा सरळ झाले. कमरेला हात लावून म्हणाले, “मला दिसलं न्हाई नीट. पर चाललं म्हंती तर चाललं असंल.” आशाबाईच्या ध्यानात आलं, की आबांना बघितल्याशिवाय पटलेली ही पहिलीच गोष्ट.

टाकीचं पाणी उपसलं. ते शेतात टाकता येत नव्हतं, खारं पाणी जमीन जाळतं. सोनाजीनं ते बादल्या भरभरून शेडामागच्या वाटेवर, गाजरगवतावर ओतलं. वर्षानुवर्षं उपटून न गेलेलं ते गवत आठवड्यात वाळलं, आणि “समुद्राचं पाणी मिळंल का?” असं विचारायला दोघं-तिघं येऊनही गेले. दगड, वाळू नवी आली. झिंगा पुन्हा सडला. वास पुन्हा सुटला. या खेपेला हाटेलात कोणी नवखा नाक धरून काही बोलायला लागला, तर आबांनी त्याला गप्प केलं. “ते पानी पिकून राहिलं हाय. तुला काय कळतं त्यातलं?”

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला नळीत पुन्हा हळदीचा पिवळा आला. गोगलगायी आणि खेकडे ड्रममधून माजघरात राहायला गेले. त्यानंतर काही दिवसांनी नारिंगी माशांची जोडी आली, पांढऱ्या पट्ट्यांची, आणि आल्या आल्या नवरा-बायकोसारखी एका कोपऱ्यावरून भांडायला लागली. बाहेर पत्रा तापून वाजत होता, आणि आत सोनाजीच्या नळीतून पाणी गार होऊन येत होतं. आरोहीनं वसतिगृहातल्या पोरींना व्हिडिओ दाखवला, तर कोणी विश्वास ठेवेना, की हा समुद्र हिंगोली जिल्ह्यातला आहे.

एका दुपारी आबा काठी टेकत आले. पाटावर बसले. मुठीत काहीतरी होतं.

“तांबं न्हाई,” ते आधीच म्हणाले. मूठ उघडली. कवडी होती. घरातल्या जुन्या सारीपाटाची, खेळून खेळून गुळगुळीत झालेली, पिवळसर पांढरी. “हे चालंल का? न्हाई चालत तर ऱ्हाऊ दे.”

आशाबाईनं कवडी घेतली. तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी हैदराबादला फोन लावला. पलीकडचा माणूस हसला, म्हणाला, “अम्मा, वो तो उधर कीच है. घर जा रही.” मग तिनं कवडी कोऱ्या पाण्यात टाकून ठेवली, दोनदा पाणी बदललं, आणि दुसऱ्या दिवशी आबांना बोलावून घेतलं.

“हात धुवा, आबा.”

आबांनी हात धुतले. तंबाखूचा वास गेला का ते तिनं स्वतः हुंगून बघितलं. मग त्यांचा हात धरून टाकीच्या वर नेला. आबांनी डोळे मिटले, गोदावरीच्या पुलावर मिटत असतील तसे, आणि कवडी सोडली. ती डुलत डुलत खाली गेली आणि वाळूवर बसली.

आबा बराच वेळ तिथं बसले. जाताना काठी घेता घेता म्हणाले, “सूनबाई, आमच्या घरी उद्यापासून एक जार जास्तीचा टाकाया सांग सोनाजीला.”

“पाव्हने येऊन राहिलेत का, आबा?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “मीच पितो म्हनलं.”